मूठ सोडली तरी

१८ डिसेंबर, गुरुवार

पत्र्याखालून ह्यांची मोटरसायकल अंगणात ओढली. एकटीने. वर्षभर ताडपत्रीखाली होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. पुढचा मडगार्ड चेपलेला, डावा आरसा गेलेला. बाकी गाडीला काही झालं नाही.

गाडीला काहीच झालं नाही.

सुजूचा फोन होता. वर्षश्राद्ध २९ ला. ती आणि महेश आदल्या दिवशी येणार आणि जाताना गाडी पनवेलला नेणार. महेशला कामावर जायला हवी. "बाबांची वस्तू घरातच राहील ना आई." बरोबर आहे. हो म्हटलं. नीट करून ठेवते म्हटलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुरुडहून मेकॅनिक आला दुपारी. नवा मुलगा, आपल्याला ओळखत नाही, तेच बरं. बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढलं, कार्बेटर साफ केला. तिसऱ्या किकला सुरू. मी पडवीत उभी होते, खांब धरून.

शांत चालत होती. म्हणाला, "मावशी, रोज सकाळी दहा मिनिटं चालू ठेवा. मग जावई येईपर्यंत बघायला नको." किक मारायला शिकवलं मला. न्यूट्रलचा हिरवा दिवा बघायचा, किक मारताना मूठ जरा पिळून सोडायची, पायात चप्पल घालायची, गुडघा सांभाळायचा.

मंदाकाकू कुंपणावरून बघत होती. "आता मिशी लावायचीच राहिली हो तुला."

खूप दिवसांनी हसले.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी साडेसहाला किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली आणि ओरडायला लागली. रेस. मूठ जराशी पिळून लगेच सोडली होती. कोणी मूठ पिळून धरावी तशी. घाईने चावी फिरवली. पायरीवर बसले.

तोच आवाज.

त्या सकाळी हे अंगणात, मी आत पोळ्या करत होते. हे पावाच्या लाद्या बांधत होते, गाडी चालू ठेवून. पहिल्या फेरीबोटीने दिघीला जायचं, तिथून पुढच्या गावांत पाव टाकायचा, सतरा वर्षं हेच. गाडी अशीच किंचाळत होती. मी आतून ओरडले, "बंद करा हो ती, कान किटले."

बंद केली नाही. गेले तसेच. माझं ह्यांच्याशी शेवटचं धड बोलणं ते. पुढे अलिबागच्या इस्पितळाच्या वाटेवर जीपमध्ये डोकं मांडीवर होतं तेव्हा मी फक्त 'अहो, अहो' करत होते. बोलले ते हेच. "मूठ सोडली गं. बंदच होईना."

२२ डिसेंबर, सोमवार

मुरुडचा मुलगा पुन्हा आला, दुपारी दोनला. गाडी चालू केली तर शहाण्यासारखी चालली. हसला. "मावशी, एकट्या असता ना. भास होतात." तरी माझ्या समाधानासाठी स्क्रू फिरवून रेस कमी करून गेला.

भास नाही. पण त्याच्यासमोर कसं सिद्ध करणार.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी साडेसहा. पुन्हा तेच. शनिवारपेक्षा थोडी कमी, पण रेसच.
दुपारी एक. चालू केली. दोन मिनिटांत फुर्र करून बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद.

म्हणजे सकाळी थांबत नाही आणि दुपारी टिकत नाही. एकच गाडी.

ह्यांच्या कपाटातून गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. मराठी नाही, हिंदीची पानं आहेत. अडत अडत वाचली. चौथीनंतर शाळा सुटली माझी. पुढचं वाचणं पावाच्या पुडीच्या कागदांवर झालं, मग वाचनालयात. वाचायची भीती नाही वाटत. पण ह्या पुस्तकात शेवटी एकच लिहिलंय, जाणकार मिस्त्रीला दाखवा.

जाणकार मिस्त्री कोण ते मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

गेले. सत्तारभाईंकडे.

आधी तळ्यापर्यंत जाऊन परत आले. मग पुन्हा गेले.

लिहून ठेवते, कारण हे मी कुठेच लिहिलेलं नाही. हे गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी सत्तारभाईंकडे नेली होती. रेस होते म्हणून. त्यांनी बघितली, म्हणाले काही नाही, ठीक आहे, स्क्रू थोडा कमी करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याच्या उतारावर गाडी आवरली नाही. तिकीटवाल्याने डोळ्यांनी पाहिलं. ह्यांनी मूठ सोडून दिलेली, तरी गाडी पळत होती. ब्रेक दाबला, ओला उतार, शेवाळ. डोकं आपटलं.

गावाला दुसरं काय सुचणार. सत्तारने बिघडवली.

दहाव्याला सत्तारभाई आपल्या दारात आले तेव्हा सुजू उंबऱ्यावर उभी राहिली. "तुमच्या हातानं गेले माझे बाबा. आत पाऊल टाकू नका." चपला हातात घेऊन गेले बिचारे. पायात घालायचं भान नव्हतं. मी तिथेच होते. गप्प. मलाही तेच वाटत होतं.

आज त्यांचं दुकान पाहिलं. आत रंगवलेली पाटी तशीच, सर्व प्रकारची दुरुस्ती. पण बाहेर फक्त हवा भरायचं मशीन आणि पंक्चरचा टब. एकजण स्कूटर घेऊन आलेला, इंजिन आवाज करतंय म्हणाला. सत्तारभाई म्हणाले, "मुरुडला ने. मी इंजिनला हात लावत न्हाय." वर्षभर असंच चाललंय म्हणे. बावीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस.

मला बघून उठले. हात पुसत राहिले, पुसत राहिले.

मी सांगितलं, गाडी रेस होते. सकाळी.

"वहिनी, ती गाडी माझ्या दारात आणू नका. तुमच्या पाया पडतो."

"आणत नाही. नुसतं सांगा काय बघू."

टबातली ट्यूब काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मी हात लावणार न्हाय. तुम्ही बघायचं, मला येऊन सांगायचं. एका दिवशी एकच गोष्ट. दोन एकदम केल्या तर कशानं काय झालं कळत न्हाय. आणि लिहून ठेवा."

लिहिते म्हटलं. ते मला येतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

आजची गोष्ट, चोक. त्याची दांडी अर्धी वर राहिली तर रेस होते. बघितली. पूर्ण खाली आहे.
स. ६.३०, रेस. दु. १, बंद पडते.
चोक नाही.

सत्तारभाईंना जाऊन सांगितलं. मान हलवली. त्यांच्या बायकोने आतून सरबत पाठवलं, स्वतः बाहेर आली नाही. रागावली असेल. असू दे, तिचा हक्क आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आजची, रबर. कार्बेटर आणि इंजिन ह्यांच्या मध्ये रबराचा तुकडा असतो. त्याला चीर गेली की हवा ओढतं आणि रेस होते. गाडी चालू ठेवून त्यावर साबणाचं पाणी सोडायचं. आवाज बदलला तर चीर आहे.

सोडलं. बदलला नाही. चीर नाही.

मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. आवाज वाढला तर केबल ताणली जाते. वाढला नाही. (एकाच दिवशी दोन केल्या. कबूल करून टाकलं. "बरं, एवढं माफ," म्हणाले. थोडे हसले.)

त्यांनी माझ्या वहीचं पान मागून पाहिलं. बोट वेळांवर ठेवलं. सकाळ, सकाळ, सकाळ. "माझ्याकडं गाडी कधी आली होती त्या दिवशी? दुपारी." मी हो म्हटलं. "दुपारी काहीच नव्हतं वहिनी तिला. अल्लाची शपथ. मी मूठ पिळून सोडली, पटकन मागं आली. मी स्क्रूच तेवढा फिरवला. तोच उलटा फिरला का? वर्षभर झालं, झोपेत तो स्क्रू फिरवतोय मी."

उद्या केबल बघायची आहे. मुठीखालचं टोक कसं सोडायचं ते कागदावर काढून दिलंय. चित्र छान काढतात.

२७ डिसेंबर, शनिवार

क्रमाने लिहिते. घाई नाही करायची.

स. ६.३०. थंडी बरीच. किक. रेस.

वटवाघळांनी हँडल खराब केलं होतं, सुपारीवर बसतात ती. गाडी चालूच ठेवली आणि न्हाणीतून कढत पाण्याचा तांब्या आणून मुठीवर ओतला, धुवायला. केबलवरून पाणी खाली गेलं.

आवाज उतरला. आपोआप. एवढासा झाला आणि गाडी बंद पडली. दुपारी पडते तशी.

तशीच उभी राहिले तांब्या घेऊन.

मग चित्राप्रमाणे दोन स्क्रू सोडले. मूठ उघडली. केबलचं टोक बाहेर काढलं. तारेवर पांढरं. मेणासारखं, दाट, धूळ बसून करडं झालेलं. नखाने काढलं. बोटांवर धरलं तर विरघळलं. वास घेतला.

खोबरेल. आपलं. घाण्यावरचं.

आठवलं असं म्हणणार नाही. विसरले कधी होते. फक्त त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत हे म्हणाले, मूठ फार जड झालीय, मनगट दुखतं. दुपारी झोपले होते. मी वाटीत तेल घेतलं आणि मुठीखालच्या फटीतून सोडलं, मुरेल तेवढं. दाराच्या बिजागरीला तेच घालतो, शिवणाच्या मशीनला तेच, आडाच्या रहाटाला तेच, पोराच्या टाळूला तेच. नारळाच्या वाडीत जन्म गेला. तेल म्हणजे हेच. सांगितलं नाही ह्यांना. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

दुसऱ्या दिवशी गाडी सत्तारभाईंकडे ऑइल बदलायला नेली होती, खूश होऊन आले. "सत्तारनं काय जादू केली, मूठ लोण्यासारखी फिरते." मी मनात हसले. म्हटलं, असू दे, सत्तारभाईंना जाऊ दे कौतुक.

मग थंडी पडली. मग तक्रार सुरू झाली. सकाळी मूठ मागे येत नाही म्हणून नाही, रेस होते म्हणून. आणि गाडी दाखवायला नेली दुपारी, उन्हात. तेल पातळ, मूठ मोकळी. मुरुडच्या मुलाने स्क्रू कमी केलेला, म्हणूनच माझ्याकडे दुपारी बंद पडायची.

थंडीत तेल गोठतं हे मला माहीत नाही? दर पौषात बाटली उन्हात ठेवते मी. चाळीस वर्षं ठेवते.

पोळी केली नाही आज.

२७ डिसेंबर, दुपारी

केबल कागदात गुंडाळून सत्तारभाईंकडे नेली. चालताना ठरवत होते काय बोलायचं. गेल्यावर नुसती पुढे धरली.

त्यांनी तार हातात घेतली. उन्हाने तेल पातळ झालेलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी घातलं. दिवाळीत. ह्यांना माहीत नव्हतं.

खाली बसले, टबाशेजारीच. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वाटलं आता बोलतील. वर्षभराचं सगळं बोलतील. बोलायला हवं होतं. मी त्यासाठीच गेले होते बहुतेक.

"केबल मी काढून बघायला हवी होती," एवढंच म्हणाले.

"नाही सत्तारभाई. दुपारी काय दिसलं असतं."

"तरी."

मग विचारलं, "पोरीला सांगितलंत?"

नाही म्हटलं. सांगणार. गावालाही सांगणार. मंदाकाकूला सांगितलं की झालं.

तर म्हणाले, "सांगू नका." मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "सांगू नका वहिनी. ती माझ्यावर रागावलीय, मी परका माणूस. माझ्यावर रागावून घरी जाते, जेवते, झोपते. आईवर रागावली तर कुठं जाईल?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. पंक्चरं काढतोय. मला कळलं ना, मी न्हाय. बस झालं मला."

मी रडले तिथे. रस्त्यावर. हे गेल्यावर सगळ्यांसमोर एवढी रडले नव्हते.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी सत्तारभाई आले. स्वतःहून. नवी केबल घेऊन. अंगणाबाहेर थांबले, मी या म्हटल्यावर आत आले, चपला गेटबाहेर काढून. अंगणात कोण चपला काढतं.

केबल बसवली. ह्या नव्या केबलीत काही घालायचं नसतं म्हणाले, आतून गुळगुळीत असते. मग स्क्रू. दोनदा स्क्रूड्रायव्हर लावला, दोनदा काढला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही फिरवा. मी ऐकतो." डोळे मिटून उभे राहिले. मी पाव फेरा, पाव फेरा. "अजून. अजून केसभर. थांबा." थांबले. गाडी अशी चालत होती की शेजारी दोघं बोलत असली तर आवाज वाढवावा लागणार नाही.

मंदाकाकू कुंपणाशी आली. "काय गो, ह्याच माणसाला परत आत घेतलंस? आणि उद्या वर्षश्राद्ध!" ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

सत्तारभाई पाने-पकडी गोळा करत राहिले.

मला फक्त तोंड उघडायचं होतं. दोन पावलांवर होती ती. मी काकूला म्हटलं, नारळ सोलायचेत, नंतर बोलू.

दुसऱ्यांदा गप्प बसले. पहिल्यांदा निदान मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी सुजू, महेश आले. सुजू बारीक झालीय.

२९ डिसेंबर, सोमवार

श्राद्ध नीट झालं. भटजींनी विचारलं तेव्हा महेशने ह्यांचं नाव सांगितलं. किती दिवसांनी घरात मोठ्याने ऐकलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. ह्यांना भोपळा आवडत नसे. तरी करतात.

पानावर तूप वाढताना वाटलं, ह्यांना तरी आता कळलं असेल. मग वाटलं, कळू नये.

तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? हसला असतात बहुतेक. 'अगं वेडे, विचारायचंस तरी.' खरंच हसला असतात का?

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी सातला महेशने गाडी काढली. थंडी होती. एका किकला सुरू, शांत. तळ्यापर्यंत फेरी मारून आला, मूठ दोन बोटांनी फिरवून दाखवली. "आई, नवीकोरी वाटते. कोणी केली?"

खोटं आलं नाही तोंडात. सत्तारभाईंनी, म्हटलं.

सुजू चहा घेऊन बाहेर येत होती. कप तिथेच कट्ट्यावर ठेवला.

"पुन्हा त्यांच्याच हातात दिलीस?"

"सुजू..."

"बाबांना मारलं त्या माणसानं, आणि तू बोलावून महेशची गाडी त्याच्याकडून करून घेतेस? काय वाटतं तुला आई? काहीच नाही वाटत?"

महेश म्हणाला, अगं चांगली चालतेय. ती म्हणाली, बाबांची पण चांगलीच चालत होती. गाडी नेणार नाही म्हणाली. भंगारात द्या. आणि जाताना सत्तारभाईंच्या दुकानावरून जाणार आहे, त्यांना विचारणार आहे की माझ्या आईकडे यायची हिंमत कशी झाली. चौकात, सगळ्यांसमोर. ती विचारील. तिला ओळखते मी, माझीच आहे. आणि ते मान खाली घालून ऐकून घेतील. एक शब्द बोलणार नाहीत. त्यांनाही ओळखते आता.

ते म्हणतात सांगू नका. त्यांचं बरोबर असेल. सुजूला बाप नाही. मीच आहे. मला फोन करून रोज विचारते, जेवलीस का.

पण ते चौकात मान खाली घालतील आणि मी इथे घरात असेन.

बॅगा भरून झाल्या. एसटी साडेअकराची. महेश अंघोळीला गेलाय. सुजू मागच्या दारी भांडी घासतेय, जोरजोरात.

आत्ता हाक मारली तिला. म्हटलं, इकडे ये, बोलायचंय. पाण्याचा नळ तसाच ठेवून ओरडली, "आले. दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांत हे लिहिते आहे.